प्लेट मध्ये ठेवा

कारखान्यात अडीचशेहून जास्त कामगार असतील, तर तिथे कॅन्टीन असलंच पाहिजे असा नियम सरकारला करता येईल, असं १९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या ४६व्या कलमात लिहिलं होतं. कलम तिथेच थांबत नाही. कॅन्टीनची जागा कशी असावी, टेबलं-बाकडी कशी असावीत, कोणते पदार्थ मिळावेत आणि ते कितीला विकावेत, हेही नियमांनी ठरवायचं. वर कारभार बघायला एक समिती, आणि त्या समितीत कामगारांचे प्रतिनिधी. उसळीची प्लेट कितीला द्यायची याची चर्चा चालू असताना ती खाणाऱ्यांचा माणूस तिथे हजर असावा, हे कायद्याला अपेक्षित होतं. प्रत्यक्षात तो माणूस किती गिरण्यांत बोलला आणि किती गिरण्यांत नुसता सही करून उठला, हा वेगळा विषय.

२०१५ साली लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात एक रेस्टॉरंट उघडलं. नाव ‘द बॉम्बे कॅन्टीन’. पत्त्यात इमारतीचं नाव आहे ‘प्रोसेस हाउस’. कापड गिरणीत ‘प्रोसेस’ म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड धुणं, ब्लीच करणं, रंगवणं, छापणं. ज्यांच्या घरात कुणी गिरणीत होतं, त्यांना हा पत्ता वाचताना ओल्या कापडाचा आणि केमिकलचा वास येतो. बाकीच्यांना ते एखाद्या स्टार्टअपचं नाव वाटतं.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चौघं होतो. जेवण छान होतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस जेवणावर राग काढतोय. अरबी टुक नावाचा पदार्थ आला, म्हणजे अळूकुडीचं चाट. अळूकुडी माझ्या घरी उपासाला आणि नाइलाजाने होते, इथे ती चौघांनी चाटूनपुसून संपवली. आणि दरवेळी काही आलं की आमच्यातलंच कुणीतरी वेटरला सांगत होतं, “प्लेट मध्ये ठेवा.”

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. एक प्लेट मध्ये, तिच्यात चार चमचे. या जागेवर हे असं कधीपासून व्हायला लागलं?

‘स्मॉल प्लेट्स’ हा प्रकार आपल्याकडे आला तो अमेरिका-इंग्लंड फिरून. मूळ शोधायला गेलं तर पहिलं बोट स्पेनकडे जातं. तिथले तापास, म्हणजे दारूबरोबर उभ्याउभ्या खायचे छोटे पदार्थ. होसे आंद्रेस या स्पॅनिश शेफने १९९३मध्ये वॉशिंग्टनमध्ये ‘हालेओ’ सुरू केलं आणि अमेरिकेला तापासची गोडी लावण्यात त्याचा मोठा वाटा होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तापास हा शब्द मागे पडला, स्पेनही मागे पडलं आणि उरली ती पद्धत: स्टार्टर आणि मेन कोर्स असली उतरंड नाही, सगळे पदार्थ लहान, किचनमध्ये जे तयार होईल ते येत राहणार आणि सगळ्यांनी मिळून खायचं. बॉम्बे कॅन्टीन ज्यांनी उभं केलं त्या तिघांपैकी फ्लॉइड कार्डोझ मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या मुळांचा शेफ. १९९८मध्ये न्यू यॉर्कच्या ‘टॅब्ला’चं किचन त्याच्या हाती होतं. भारतीय मसाला आणि न्यू यॉर्कचा पांढरा टेबलक्लॉथ यांचं लग्न त्याने तिथे लावलं. मार्च २०२०मध्ये कोविडने तो गेला.

त्याच्यासोबत होते समीर सेठ आणि यश भानगे. किचन होतं थॉमस झकारायस यांच्याकडे, आणि त्यांनी देशभर फिरून, घराघरांतून पदार्थ गोळा केले. सुरुवातीच्या मेनूचे भाग होते ‘चिंटू’, ‘छोटा’ आणि ‘बडा’. मराठी माणसाला चिंटू म्हटलं की पेपरातला तो पोरगा आठवतो. इथे चिंटू म्हणजे एका घासाचा पदार्थ.

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय? आपलं केळीचं पान म्हणजे स्मॉल प्लेट्सच की. बरोबर आहे. पानाची डावी बाजू आठवा: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, भज्यांची एक जोडी. सगळं चिमूटभर, बोटभर. ताटातलं डावं म्हणजे तोंडी लावणं. पोट उजव्या बाजूने आणि मधल्या भाताने भरायचं. मला तर आजची ही रेस्टॉरंटं म्हणजे डाव्या बाजूनेच भरवलेलं जेवण वाटतं. मात्र एक फरक आहे आणि तो बारीक नाही. पान कितीही मोठं असलं तरी ते एकाचं असतं. वाढपी सगळ्यांना वाढतो, पण माझ्या पानातलं तुम्ही उचलत नाही. उचललंत तर ते उष्टं. आणि पंक्तीत कोण कुणाशेजारी बसणार, कोणाची पंगत आधी, कोणाची मागल्या दाराशी, हे पान मांडायच्या आधीच ठरलेलं असायचं.

उष्टं या शब्दाला इंग्रजीत एका शब्दात उत्तर सापडणं कठीण. आणि मला सांगायची गोष्ट या शब्दाभोवती फिरते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, साताऱ्याकडून मुंबईला आले ते पन्नासच्या दशकात. डिलाईल रोडला एका खोलीत अकरा जण. सगळे एकाच गावचे. अकरा जण एका वेळी झोपायचे नाहीत, कारण गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते मध्यरात्री बारा, बारा ते सकाळी सात. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. खोलीत चूल नव्हती. जेवण खानावळीत.

खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतल्या एखाद्या बाईचं घर. नवरा बहुतेक गिरणीतच, कधी बदली कामगार, कधी आजारी, कधी नुसताच नावाला. दहा बाय बाराच्या खोलीत ती बाई पंधरा-वीस पुरुषांचा स्वयंपाक करायची. जेवणाऱ्यांना म्हणायचे ‘मेंबर’. मेंबर महिन्याचे पैसे पगार झाल्यावर द्यायचा. तो गावी गेला किंवा बाहेर जेवला, तर त्या दिवसाचा ‘खाडा’ धरायचा आणि तेवढे पैसे कापायचे. भाकरी किंवा चपाती, एक कालवण, आमटी, भात. रविवारी मटण. कोकणातल्या बाईकडे मासळी, घाटावरच्या बाईकडे झणझणीत रस्सा. पहिल्या पाळीवाल्यांचे डबे पहाटे, तिसऱ्या पाळीवाल्यांचं रात्री. बाई झोपायची कधी, हा प्रश्न आबांना मी एकदा विचारला होता. ते म्हणाले, “आम्ही कधी बघितलं नाय.” खरंच बघितलं नसणार.

हिशेबाची गोम अशी की मेंबर महिन्याने पैसे देणार, आणि वाण्याचा माल रोज लागणार. मग उधारी, उधारीवर व्याज, व्याजासाठी मंगळसूत्राची डोरली गहाण. १९७३-७४च्या सुमारास गिरण्यांचा लांबलेला संप झाला, तेव्हा या बायकांनी पगार नसलेल्या मेंबरांना उधारीवर जेवू घातलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत. संप टिकतो तो रोज कुणीतरी भात शिजवतं म्हणून, हे प्रेमा पुरव यांनी पाहिलं. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि कम्युनिस्ट चळवळीत रुळलेल्या प्रेमाताईंनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवात चौदा खानावळवाल्या बायकांपासून. राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं, तारण एकमेकींचा शब्द. आज आपण ज्याला मायक्रोफायनान्स म्हणतो, ते या शहरात भाकरी थापणाऱ्या बायकांनी तेव्हाच चालवून दाखवलं. प्रेमाताईंना पुढे, २००२मध्ये, पद्मश्री मिळाली.

खानावळीबद्दल हळवं व्हायला मला आवडतं, पण एक गोष्ट नजरेआड करून नाही. खानावळी गावावर चालायच्या आणि गाव म्हणजे जात. आबांच्या खानावळीत सगळे मराठा आणि त्यांच्या आसपासचे. महार मेंबर नव्हता. हे आबांनी कधी लपवलं नाही आणि त्याबद्दल कधी काही म्हटलंही नाही.

आता गिरणीच्या आत चला. कापड विणायचं खातं म्हणजे साचाखातं. तिथे पगार चांगला, कामाला मान. धोट्यातल्या नळीवरचं सूत संपलं की विणकर नवी नळी घालायचा आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचा. हाताने ओढण्यापेक्षा तोंडाने पटकन होतं आणि साचा थांबला की कामाचे पैसे बुडतात. एकाच धोट्याला या पाळीतल्या विणकराचं तोंड, मग पुढच्या पाळीतल्या विणकराचं. म्हणजे धोटा उष्टा. एवढ्या कारणावरून दलित कामगारांना साचाखात्यात घ्यायचे नाहीत. त्यांनी त्रासन खात्यात राहायचं, सूत कातायचं, कमी पगारावर. त्यांनी कातलेलं सूत चालायचं, त्यांची थुंकी चालायची नाही.

१९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. संपकऱ्यांच्या मागण्यांत पगार आहे, तास आहेत, मग साचाखात्याचं दार आमच्यासाठी उघडा ही मागणी का नाही, असा त्यांचा सवाल होता. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो सवाल अडचणीचा वाटला. जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणणं सोपं, एका धोट्याला तोंड लावा म्हणणं अवघड. मला स्वतःला वाटतं, गिरणगावच्या डाव्या चळवळीच्या ताकदीचं जेवढं कौतुक होतं, तेवढी या एका प्रश्नाची चर्चा होत नाही, आणि ती व्हायला हवी.

म्हणून “प्लेट मध्ये ठेवा” हे वाक्य मला हलकं वाटत नाही. ज्या गिरणगावात सुताला लागलेली थुंकी कुणाची यावर नोकरी ठरायची, तिथे आज चौघं जण एकमेकांची आडनावं न विचारता एका प्लेटमध्ये चमचे घालतात. आमच्या टेबलावर कोण कुठल्या जातीचं होतं हे आम्हाला माहीत होतं (मुंबईत सगळ्यांना सगळ्यांचं माहीत असतं, कुणी सांगत नाही), पण त्या अळूकुडीवर त्याचा परिणाम झाला नाही. याचं श्रेय स्मॉल प्लेट्सना देणं भाबडेपणाचं होईल. आधी इराण्याचं हॉटेल होतं, कॉलेजचं कॅन्टीन होतं, आणि दारूबंदीच्या काळातला आंटीचा अड्डा होता. तिथे उकडलेली अंडी आणि चणे मध्ये ठेवलेले असायचे आणि चोरटी दारू पिताना शेजारच्याची जात बघायला फुरसत नसायची. स्पेनच्या तापासचं मुंबईतलं सख्खं भावंड शोधायचं तर ते चखना आहे. तिकडे तो डौलात वाढला, आपल्याकडे स्टीलच्या बशीत.

पण टेबलावर उष्टं संपलं, तर टेबलापर्यंत पोचायचं काय?

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला आणि त्याबरोबर खानावळीही. मेंबर गावी निघून गेले. त्यांनी ठेवलेली उधारी बाईच्या वहीत राहिली. या संपावर पुस्तकं आहेत, नाटकं आहेत, सिनेमे आहेत. त्या वह्यांवर काही नाही.

पुढची गोष्ट जमिनीची, आणि ती थोडक्यात सांगतो, कारण आकडे ऐकून डोळे मिटायला लागतात. बंद आणि आजारी गिरण्यांची जमीन मध्य मुंबईत सहाशे एकरांच्या घरात. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८वा नियम म्हणाला, गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने तीन वाटे करा: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आता वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे होणार, जिथे इमारती उभ्या आहेत ती जमीन हिशेबात नाही. गिरणी म्हणजे बहुतेक शेडच, मग मोकळं उरलं किती? मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये पर्यावरणवाद्यांच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये तो फिरवला. एका आकाराच्या तीन प्लेट्स येणार होत्या, त्यातल्या दोन चिंटू निघाल्या.

त्यानंतर लोअर परळचं काय झालं ते तुम्ही लोकलच्या पुलावरून रोज बघता. फिनिक्स मिलचा मॉल झाला. कमला मिल्समध्ये ऑफिसं आली आणि ऑफिसांमागोमाग पब, रेस्टॉरंटं. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर त्याच आवारातल्या एका इमारतीच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली आणि चौदा जण गेले. पाहुण्यांच्या गर्दीतले तरुण लोक. काही दिवस शहरभर बेकायदा शेडवर हातोडे पडले. गिरणीत आग लागली की भोंगा वाजायचा आणि अख्खा मोहल्ला धावायचा, असं आबा सांगायचे. या आगीच्या वेळी मोहल्ला म्हणावा असं आसपास फारसं कुणी उरलं नव्हतं.

स्मॉल प्लेट्स या जागेत इतक्या सहज रुजल्या याचं एक कारण मला वाटतं ते असं: खानावळीच्या ताटाने गृहीत धरलं होतं की समोरचा माणूस आठ तास उभा राहून आलाय किंवा उभा राहायला चाललाय. त्याला भात हवा, आणखी भात हवा. स्मॉल प्लेटने गृहीत धरलंय की समोरचा माणूस भुकेला नाही. तो आठ तास बसून आलाय. त्याला चव हवी, गप्पा हव्यात, दुसरं कॉकटेल हवं. म्हणून इथे भात मागितला की तो वेगळा, शेवटी आणि जरा ओशाळून येतो. हा दोष नव्हे, गिऱ्हाईक बदललं आहे. एका जागेचं अन्न बदललं की तिथलं काम बदललेलं असतं, हे पुरातत्त्ववाले जळलेल्या दाण्यांवरून सांगतात. आपल्याला मेनूकार्ड पुरतं.

आणि मेनूकार्डात एक गंमत राहून गेली आहे. बॉम्बे कॅन्टीनमध्ये ‘एग्ज केजरीवाल’ मिळतं: टोस्टवर चीज, हिरवी मिरची, वर अंडं. हा मूळ विलिंग्डन क्लबचा पदार्थ, तिथल्या एका केजरीवाल आडनावाच्या सदस्याच्या नावाने ओळखला जाणारा. क्लबच्या आत गेल्याशिवाय तो खायला मिळायचा नाही. आता पैसे असतील त्या कुणालाही मिळतो. क्लबचा पदार्थ खाली उतरला आणि कामगारांच्या कॅन्टीनचं नाव वर चढलं, दोघांची गाठ प्रोसेस हाउसमध्ये पडली. केजरीवाल पदार्थाच्या नावात टिकले. कॅन्टीनच्या समितीत बसणाऱ्या कामगाराचं नाव कुठल्या पदार्थाला नाही.

त्या रात्री आमच्यात जी मैत्रीण होती, ती त्याच भागातल्या एका ऑफिसात काम करते. मी तिला विचारलं, रोज दुपारी काय खातेस? इथलं रोज परवडणार नाही, हे उघड होतं. ती म्हणाली, ऑफिसात आम्ही सातजणींनी डबा लावलाय. लालबागच्या एक काकू आहेत, पोळ्या, एक भाजी, आमटी-भात, बुधवारी मासे. पैसे महिन्याच्या शेवटी, फोनवरून. तिने मला काकूंचा मेसेज दाखवला. रक्कम होती आणि खाली एक ओळ: “तुमचे या महिन्याचे ४ खाडे धरले आहेत.”

“हे खाडे कोण?” तिने विचारलं. “मी सुरुवातीला समजले, काकूंचं आडनाव आहे.”